धूमकेतूची शेपटी बघून त्यांनी ओळखलं, सूर्यावरून सतत वारा सुटतो

धूमकेतूला बऱ्याचदा दोन शेपट्या असतात. एक धुळीची, पिवळसर आणि वळलेली. दुसरी निळसर आणि जवळजवळ सरळ. या निळ्या शेपटीचं कोडं ज्यांनी सोडवलं, ते लुडविग बिअरमान.

१३ मार्च १९०७ ला जर्मनीतल्या हाम या गावी त्यांचा जन्म झाला. १९३२ ला गटिंगन विद्यापीठातून ते डॉक्टरेट झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच गावातल्या मॅक्स प्लांक संस्थेत ते काम करू लागले. संस्थेचे प्रमुख होते वर्नर हायझेनबर्ग.

आता कोडं काय होतं ते बघू.

धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याच्यावरच्या बर्फाचा वायू होतो. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे या वायूतल्या काही रेणूंचे इलेक्ट्रॉन निसटतात आणि विद्युतभारित कण, म्हणजेच आयन तयार होतात. निळी शेपटी याच आयनांची.

तोपर्यंतचा समज असा, की सूर्यप्रकाशाचा दाबच शेपटीला मागे ढकलतो. धुळीच्या बाबतीत ते खरंही आहे. पण आयनांच्या शेपटीतले पुंजके इतक्या झपाट्याने वेग घेत होते की प्रकाशाच्या दाबाने हिशोब जुळेना.

१९५१ मध्ये बिअरमान यांनी उत्तर मांडलं. सूर्यातून विद्युतभारित कण सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर पडतात आणि तेच या आयनांना रेटतात. धूमकेतू कधीही येवो, कुठूनही येवो, त्याची निळी शेपटी सूर्यापासून लांबच जाते. म्हणजे हा झोत अधूनमधून नाही, तर कायम आणि सगळ्या दिशांना वाहतो.

यात एक गडबड होती. नुसत्या कणांच्या टकरीतून एवढा रेटा मिळायचा तर झोत फारच दाट असायला हवा होता. १९५७ मध्ये हानेस आल्फवेन यांनी ती उणीव भरली. झोताबरोबर चुंबकीय क्षेत्र वाहत येतं, ते धूमकेतूभोवती गुंडाळलं जातं आणि आयनांना ओढून नेतं.

पुढच्याच वर्षी यूजीन पार्कर यांनी या झोताचं गणित मांडलं. परीक्षकांनी त्यांचा शोधनिबंध नाकारला होता. पण नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनी तो छापला. आज आपण या झोताला सौरवारा म्हणतो. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर २ यानाने तो सतत वाहतो हे प्रत्यक्ष मोजून दाखवलं.

बिअरमान यांनी ही गोष्ट अवकाशयानं उडायच्या आधी, फक्त धूमकेतूंच्या निरीक्षणांवरून ओळखली होती. १९७४ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

१२ जानेवारी १९८६ ला त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोनच महिन्यांनी युरोपचं जिओट्टो यान हॅलेच्या धूमकेतूपासून साधारण ६०० किलोमीटरवरून गेलं आणि तिथले आयन आणि चुंबकीय क्षेत्र त्याने जवळून मोजलं.

ती १३ मार्चची रात्र होती. बिअरमान असते, तर त्या दिवशी ७९ वर्षांचे झाले असते.