कॉर्नेलियाबाई सोराबजी

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे आमच्या चिटणीसबाईंनी ठरविले, तेव्हा मी मागच्या रांगेत जाऊन बसले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हातात पेन धरायचे ते किराण्याची यादी करायला. शिवाय जिजाबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई ही नावे पुढच्या भगिनींनी पहिल्या पाच मिनिटांतच घेऊन टाकली. पण त्याच आठवड्यात आमच्या घरात एक प्रकरण चालू होते, त्यातून मला माझी बाई सापडली.

आमच्या मोठ्या जाऊबाईंची मुलगी वकिलीची परीक्षा पास झाली आहे. विलायतेत ऑक्सफर्डला पुढचे शिकायचे म्हणून तिने रोड्स शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला घेतला. अर्ज म्हणजे काय सोपे काम! आपण कोण, काय केले, पुढे काय करणार, हे स्वतःच्या शब्दांत लिहायचे, ओळखणाऱ्या शिक्षकांची पत्रे मिळवायची, मग मुलाखत. पंधरा दिवस पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत होती आणि मी तिला चहा करून देत होते. एका रात्री ती म्हणाली की काकू, हाच अभ्यास करायला आपल्या नाशिकची एक मुलगी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी ऑक्सफर्डला गेली होती, आणि तिची शिष्यवृत्ती ती मुलगी आहे म्हणून नाकारली होती. त्या नाशिकच्या मुलीची ही हकीकत. पुतणीने पुस्तके आणून दिली, अडले तेथे समजावून सांगितले, लिहिले मात्र मी.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म नाशिक येथे 15 नोव्हेंबर 1866 रोजी झाला. वडील मूळचे पारशी, पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले. आई फ्रान्सिना यांना एका इंग्रज दांपत्याने लहानपणी दत्तक घेतले होते. त्या घरच्या बाईंचे नाव कॉर्नेलिया, तेच मुलीला ठेविले. फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात शाळा काढली. घरात मुलीच मुली, आणि एकीलाही शिक्षण तुटू दिले नाही. एक बहीण डॉक्टर झाली, तर सूझीबाईंनी पुण्यात सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा काढली. पुण्यातल्या भगिनींना ती माहीत असेल.

कॉर्नेलियाबाई लहान असताना त्यांच्या आईकडे अडल्यानडल्या बायका सल्ला विचारायला येत. त्यांत एक पडद्यातली विधवा आली. पैसाअडका भरपूर, पण कारभार सगळा मुनिमाच्या हाती. त्याने पुढे केलेल्या कागदावर बाईंनी विश्वासाने सही केली आणि सारे गमावले. त्या दिवसापासून कायदा शिकायचे या मुलीच्या मनाने घेतले. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेविले. माझ्या लग्नानंतर चौथ्या वर्षी माहेरी तलाठ्याकडच्या एका कागदावर मीही अशीच सही केली होती. जेवणाची पाने वाढलेली होती, सगळे वाट पाहत होते, वाचायला कोणाला सवड होती? हक्कसोड म्हणजे काय ते मला पुढे कितीतरी वर्षांनी समजले. असो, ही हकीकत माझी नव्हे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तेव्हा मुली नसत. कॉर्नेलियाबाई वर्गात यायच्या वेळी मुलगे मुद्दाम दार लावून घेत. तरीही त्या शिकल्या आणि 1888 च्या सुमारास पहिल्या वर्गात बी. ए. झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. डेक्कन कॉलेजात त्यांचा नंबर पहिला होता. अशा गुणवान विद्यार्थ्याला विलायतेत पुढे शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. जाण्यायेण्याचे भाडे आणि तिकडे राहण्याचा खर्च सरकार देई. गुणांचा हिशेब पाहता शिष्यवृत्ती त्यांची होती. पण ती स्त्रीला देता येणार नाही असे ठरले. गुण कमी पडले म्हणून नाही मिळाली तर माणूस पुन्हा अभ्यास करील, पण बाई म्हणून जन्माला आल्याबद्दल नाही म्हटल्यावर कोणता अभ्यास करायचा?

कॉर्नेलियाबाई रडत बसल्या नाहीत. (रडल्याही असतील, कोणी लिहून ठेविले नाही.) अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी शिकविण्याची जागा पत्करली. वीस-एकवीस वर्षांची मुलगी मुलग्यांना इंग्रजी शिकवू लागली. कालपर्यंत वर्गाचे दार तोंडावर लावून घेणारे मुलगेच, आता बाकावर खाली बसून ऐकू लागले! एकीकडे पगारातून पैसा साठवणे आणि दुसरीकडे विलायतेला पत्रे लिहिणे चालू होते. हिंदुस्थानातील शिक्षणाविषयी आस्था असलेली मंडळी तेथे होती. लेडी मेरी हॉबहाऊस यांनी लंडनच्या टाइम्स पत्रातून आवाहन केले, आणि ज्यांना ही मुलगी दिसायला कशी आहे हेही ठाऊक नव्हते त्यांनी पैसे दिले. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई होत्या, सर विल्यम वेडरबर्न होते. इंग्लंडच्या पार्लमेंटातसुद्धा शिष्यवृत्तीचा प्रश्न निघाला. सरकारने दिली नाही ती शिष्यवृत्ती लोकांनी वर्गणी काढून दिली, असेच म्हणायचे.

हे सारे 1889 सालचे. याच वर्षी आपल्या रखमाबाई डॉक्टरी शिकण्यासाठी लंडनला गेल्या आणि पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले. आनंदीबाई जोशी जाऊन दोनच वर्षे झाली होती. एकेका बाईने एकेक दार ठोठावावे असे ते दिवस.

ऑक्सफर्डला मुलींसाठी सोमरव्हिल हॉल होता, तेथे कॉर्नेलियाबाई राहिल्या. पोषाख साडीच. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी त्यांच्यावर मायेचा हात ठेविला. कायदा शिकू देणे निराळे आणि परीक्षेला बसू देणे निराळे. बी. सी. एल. ही पदवीनंतरची अवघड परीक्षा. तिला तोवर एकही बाई बसली नव्हती. शेवटी 1892 साली परवानगी मिळाली, तर परीक्षा आपल्या हॉलमध्येच वेगळी द्या असे निघाले. यावर त्या अडून बसल्या. घरी बसून दिलेली परीक्षा उद्या कोणी खरी मानणार नाही, हे त्या ओळखून होत्या. विद्यापीठाने अगदी ऐन वेळी खास ठराव केला आणि त्या मुलग्यांबरोबर, त्याच दालनात, तेच प्रश्न सोडवायला बसल्या. तिसऱ्या वर्गात पास झाल्या. तिसरा वर्ग वाचून मला आधी जरा वाईट वाटले. मग मनात आले, परीक्षा घेतील की नाही हेच आदल्या दिवसापर्यंत ठाऊक नसताना कोणाचा अभ्यास धड होईल?

बरे, पास झाल्या तरी पदवी हातात मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला 1920 साल उजाडले, आणि कॉर्नेलियाबाईंना त्यांची पदवी 1922 साली मिळाली. तीस वर्षे!

1893 मध्ये त्या परत आल्या. विलायतेत शिकून आलेली बाई, पण येथे वकिलीची सनद कोणी देईना. 1897 साली मुंबईची एल्‌एल्‌. बी. आणि 1899 साली अलाहाबाद हायकोर्टाची परीक्षा त्या पास झाल्या, तरी बाई म्हणून कोर्टात उभे राहता येईना. गुजरात-काठेवाडच्या संस्थानांत मात्र त्या खास परवानगी काढून काम चालवीत. एकदा तर त्यांनी चक्क हत्तीची बाजू मांडली. त्याच्या पोटापाण्याचे उत्पन्न काढून घेतले होते. राजेसाहेबांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला, कारण काय, तर त्यांच्या कुत्र्याला या वकीणबाई आवडल्या! न्यायाची ही तऱ्हा वाचून मला हसावे की रडावे ते कळेना.

त्यांचे खरे मोठे काम 1904 नंतरचे. मालक अज्ञान किंवा विधवा असली की त्या जमीनदारीचा कारभार कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स या सरकारी खात्याकडे जाई. आता ज्या राणीचा कारभार, ती पडद्यात. साहेबाला तिच्यासमोर जाता येत नाही, आणि तिला बाहेर येता येत नाही. मधला मुनीम, दिवाण किंवा भाऊबंद सांगेल ते खरे. कॉर्नेलियाबाईंनी वर्षानुवर्षे सरकारच्या मागे लागून सांगितले की येथे स्त्री कायदेपंडितच हवी. बंगालच्या खात्याने त्यांना नेमले. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा मुलूख त्यांनी मेण्यातून, हत्तीवरून, होडीतून पालथा घातला. वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया व मुले यांचे हक्क त्यांनी सांभाळले, मुलांच्या शाळेची सोय केली, विधवांना दाई-नर्सचे शिक्षण मिळावे म्हणून झटल्या. 1909 साली त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले.

1921 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना वकील म्हणून घेतले, 1923 मध्ये कायदाच बदलून स्त्रियांना वकिली मोकळी झाली, आणि त्या बॅरिस्टर होऊन कलकत्त्यास कामाला लागल्या. वय तोवर सत्तावन्न. तेथेही त्यांच्याकडे येत ते बहुतेक लेखी सल्ल्याचे काम. कोर्टात उभे राहून बोलण्याची संधी फारशी मिळाली नाही.

एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. कॉर्नेलियाबाईंना इंग्रजी राज्य हवे होते. गांधीजींची चळवळ त्यांना पटली नाही, आणि कॅथरीन मेयोबाईंच्या ज्या पुस्तकाने साऱ्या देशाला संताप आला त्याची त्यांनी बाजू घेतली. त्यामुळे येथली कितीतरी माणसे त्यांच्यापासून दुरावली. मलाही हे रुचले नाही. त्यांच्यासाठी दारे उघडली ती इंग्रजांनी आणि बंद केली तीही इंग्रजांनीच. पण त्यांच्या मनात राहिली ती उघडलेली दारे. 1929 साली त्या लंडनला जाऊन राहिल्या. लग्न केले नव्हते. 1934 साली त्यांनी इंडिया कॉलिंग हे आत्मचरित्र लिहिले. 6 जुलै 1954 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

पुतणीने आणखी एक सांगितले, तेही येथे देते. ती जिचा अर्ज करीत होती ती रोड्स शिष्यवृत्ती हिंदुस्थानातील मुलांना 1947 पासून मिळू लागली, पण कोठल्याच देशातल्या मुलींना ती 1977 पर्यंत खुली नव्हती. म्हणजे माझ्या जन्माच्या थोडी आधीपर्यंत!

अर्ज गेला आहे. जाऊबाई म्हणतात एवढ्या लांब कशाला, आमचे हे म्हणतात जाऊ दे. मुलाखतीचे पत्र अजून यायचे आहे.