स्कोप घेताना आकडा बघू नका, काच बघा: जोसेफ फ्राउनहोफरची गोष्ट

.२२ रायफलसाठी बजेटमधला स्कोप शोधायला बसलं की आधी आकडेच अंगावर येतात. ४×३२, ३-९×४०, ६-२४×५०. फोन घेताना आपण मेगापिक्सेल बघतो ना, तसंच इथेही मोठा आकडा दिसला की खूश होतो. पण नळीच्या आत जी काच बसवलेली असते, तिच्याबद्दल डब्यावर फारसं काही नसतं. ही काच नेमकी मोजायची कशी, हे जगाला दाखवलं एका अनाथ मुलाने, ज्याला धड शाळाही मिळाली नव्हती. त्याचं नाव जोसेफ फ्राउनहोफर. आधी त्याची गोष्ट बघू आणि मग तिच्यावरून स्कोप कसा निवडायचा ते.

जोसेफचा जन्म ६ मार्च १७८७ चा, बव्हेरियातल्या श्ट्राउबिंग गावातला. वडील काचकाम करायचे आणि हा त्यांचं अकरावं अपत्य. बारा वर्षांचा व्हायच्या आतच आई आणि वडील दोघंही गेले. मग त्याला म्युनिकमध्ये एका आरसे बनवणाऱ्याकडे कामाला ठेवलं. सहा वर्षं शिकाऊ, तीही बिनपगारी. रविवारच्या शाळेत जायचं म्हटलं तरी मालकाची परवानगी नसायची.

२१ जुलै १८०१ ला मालकाचं घर कोसळलं. मालकाची बायको त्यात गेली. चौदा वर्षांचा जोसेफ काही तास ढिगाऱ्याखाली अडकून पडला होता, त्याला जिवंत बाहेर काढलं. ही बातमी ऐकून बव्हेरियाचा राजा होणारा माक्सिमिलियान स्वतः तिथे आला होता. त्याने पोराला १८ सोन्याची नाणी दिली. त्याच गर्दीत उट्झश्नायडर नावाचा एक उद्योजक होता, त्याने पुस्तकं दिली.

एवढे पैसे हातात आल्यावर चौदा वर्षांचा मुलगा काय करेल? जोसेफने काच घासायचं मशीन घेतलं आणि उरलेले पैसे देऊन शिकाऊ कराराचे शेवटचे महिने सोडवून घेतले. धंदा काही चालला नाही, परत जुन्या मालकाकडे जावं लागलं. पण अभ्यास त्याने सोडला नाही. १८०६ मध्ये उट्झश्नायडरच्याच कंपनीत त्याला नोकरी मिळाली.

तिथे त्याला दोन अडचणी दिसल्या. पहिली अडचण काचेची. वितळलेली काच नीट मिसळली नाही तर आत रेघा राहतात आणि चित्र बिघडतं. पिएर लुई गिनाँ हा स्विस कारागीर भट्टीतली काच भाजलेल्या मातीच्या दांड्याने ढवळायचा, म्हणजे ती एकसारखी व्हायची. फ्राउनहोफर हे त्याच्याकडून शिकला आणि पुढे स्वतः भट्टी सांभाळायला लागला.

दुसरी अडचण रंगांची. भिंग निळा उजेड जास्त वाकवतं आणि लाल कमी. त्यामुळे एकाच भिंगातून बघितलं तर वस्तूच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसते. यावर उपाय आधीच माहीत होता: दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडायची, म्हणजे एकीची चूक दुसरी भरून काढते. पण त्यासाठी कुठली काच कुठला रंग किती वाकवते, हे अचूक माहीत पाहिजे. आणि लाल म्हणजे नेमका कुठला लाल? त्याचा तर एक अख्खा पट्टा असतो!

१८१४ मध्ये सूर्याचा उजेड प्रिझममधून बघताना त्याला रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसल्या. इंग्लंडमध्ये वोलास्टनला १८०२ मध्येच अशा काही रेषा दिसल्या होत्या, पण त्याने त्या पुढे मोजल्या नाहीत. फ्राउनहोफरने पाचशेहून जास्त रेषांची नोंद केली आणि ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली. आता मोजपट्टी मिळाली! प्रत्येक काच त्या ठरलेल्या रेषांवर मोजायची आणि भिंगाचा आकार अंदाजाने न ठरवता गणिताने काढायचा. या पद्धतीने त्याने १८२४ मध्ये २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण बनवली, ती त्या काळातली आपल्या प्रकारातली सगळ्यात मोठी होती. ७ जून १८२६ ला क्षयाने तो गेला. वय फक्त ३९.

त्याने मोजमाप छापून सगळ्यांसाठी खुलं केलं, पण काच बनवायची रेसिपी कंपनीने गुप्त ठेवली. तशी काच बनवायच्या प्रयत्नात इंग्लंडमध्ये फॅरेडेसारख्या माणसाने काही वर्षं घालवली, तरी हवं तसं जमलं नाही. आज ती रेसिपी कुणाला लागत नाही. सी आणि एफ ही त्याची अक्षरं मात्र ऑप्टिकल काचेच्या कॅटलॉगमध्ये अजून आहेत. स्वस्तातला स्कोपही बरा निघू शकतो तो यामुळेच, कारण काचेचे आकडे आता कुणाचं गुपित राहिलेले नाहीत.

आता खरेदीकडे येऊ. स्कोप रायफलवर न बसवता, नुसता हातात घेऊन तीन गोष्टी तपासा.

पहिली, झालर. उजळ आकाशासमोरची इमारतीची कड किंवा वायर बघा. चित्राच्या मध्यभागीच जांभळी-हिरवी कड दिसत असेल तर तो स्कोप सोडा. सूर्याकडे मात्र चुकूनही बघू नका.

दुसरी, उजेड. भिंगाच्या मिलिमीटरला झूमने भागा. ४×३२ मध्ये डोळ्यापर्यंत ८ मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो. ६-२४×५० मध्ये २४ पट झूमवर तो जेमतेम २ मिलिमीटर उरतो, म्हणून संध्याकाळी चित्र काळपट दिसतं. बजेट कमी असेल तर कमी झूम आणि चांगली काच घ्या.

तिसरी, पॅरॅलॅक्स. स्कोप टेबलावर स्थिर ठेवा, साधारण ४५ मीटरवरची वस्तू बघा आणि डोळा थोडा डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर वस्तूवरून सरकला तर नेम चुकणार. .२२ साठीचे स्कोप बहुतेक ५० यार्डांवर सेट केलेले असतात आणि मोठ्या रायफलींचे १०० वर. त्यामुळे रिमफायर असं लिहिलेला स्कोप बघा. स्प्रिंगची एअर रायफल असेल तर तिचा झटका दोन्ही दिशांना बसतो, तो सोसणारा स्कोप वेगळा असतो.

अजून एक गोष्ट. आपल्याकडे .२२ ला शस्त्र परवाना लागतो. आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्यात रायफल .२२ चीच असते, पण दुर्बिणीचा स्कोप चालत नाही. त्यामुळे स्पर्धेत उतरायचं असेल तर पैसे घालण्याआधी कोचला विचारा.