मार्क ट्वेन : लेखणी, छापखाना आणि आवाज

कादंबरी आपण लिहायची, आपणच छापायची आणि वर आपल्याच आवाजात लोकांना ऐकवायची! आज एक लॅपटॉप, बऱ्यापैकी माइक आणि नेट असलं की हा उद्योग होस्टेलच्या खोलीतूनसुद्धा करता येतो. ई-बुक, ऑडिओबुक हे शब्द आता कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. पण तिन्ही कामं एकाच माणसाने अंगावर घ्यायची ही कल्पना मात्र आजची नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या एका लेखकाने ती पुरेपूर वापरून पाहिली. त्यात त्याने अमाप पैसा कमावला, तो सगळा घालवला, आणि साठीच्या उंबरठ्यावर जगभर फिरून कर्ज फेडलं. त्याचं नाव मार्क ट्वेन.

मित्रांनो, ‘टॉम सॉयर’चा विनोदी लेखक म्हणून आपण त्याला ओळखतो. पण मला तो आपल्या, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांच्या, जास्त जवळचा वाटतो. कारण या माणसाला बुडवलं ते एका मशीनने!

त्याचं खरं नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५, मिसुरी राज्यातला. बालपण मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावात गेलं. १८४७ मध्ये वडील वारले, तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. शाळा लवकरच सुटली आणि तो छापखान्यात उमेदवारी करू लागला. एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, छपाई झाली की तेच खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. हे जुळाऱ्याचं काम त्याने लहान वयात केलं आणि त्यातला कंटाळा त्याच्या हाडीमासी भिनला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पुढे तो नदीवरच्या आगबोटींचा पायलट झाला. १८५९ मध्ये लायसन्स मिळालं. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि नदीवरची वाहतूक थांबली. मग तो नेवाडात गेला, खाणी पाहिल्या, वर्तमानपत्रात लिहू लागला. १८६३ मध्ये त्याने ‘मार्क ट्वेन’ हे टोपणनाव घेतलं. बोटीवरच्या भाषेत याचा अर्थ दोन फॅदम, म्हणजे बारा फूट पाणी. एवढं पाणी असलं की बोट सुरक्षित. पण नाव सुरक्षित पाण्याचं घेतलं तरी याचा ओढा कायम खोल पाण्याकडेच!

आवाजाचा धंदा त्याला पुस्तकांच्याही आधी सापडला. १८६६ मध्ये तो हवाई बेटांवरून परतला आणि सॅन फ्रान्सिस्कोत तिकीट लावून व्याख्यान दिलं. लोक खूश! पहिलं गाजलेलं प्रवासवर्णन आलं १८६९ मध्ये. तेव्हा तिकडे पुस्तकं विकायची एक वेगळी पद्धत होती. एजंट नमुन्याची प्रत घेऊन दारोदार जायचे, आगाऊ नोंदणी करायचे आणि मग पुस्तक घरपोच व्हायचं. ट्वेनची पुस्तकं अशीच खपली. पण जसजसा खप वाढला तसतसा त्याला एक प्रश्न छळू लागला. लिहितो मी, लोक विकत घेतात माझ्या नावावर, मग मोठा वाटा प्रकाशकाच्या खिशात का?

हा प्रश्न आजही प्रत्येक लिहिणाऱ्याला पडतो. ट्वेनने त्याचं उत्तर १८८४ मध्ये दिलं. स्वतःची प्रकाशन कंपनी काढली आणि भाचीचा नवरा चार्ल्स वेबस्टर याला कारभारी नेमून त्याचंच नाव कंपनीला दिलं.

आता १८८४ ची अखेर पाहा. ‘हकलबरी फिन’ ही त्याची सर्वांत थोर कादंबरी छापायला गेली आहे. कंपनी नवी, पैसा स्वतःचा. आणि त्याच वेळी साहेब जॉर्ज वॉशिंग्टन केबल या दुसऱ्या लेखकाबरोबर गावोगाव वाचनाच्या दौऱ्यावर! लिहिणं, छापणं, ऐकवणं, तिन्ही एकदम चालू. मधेच लक्षात आलं की कोणीतरी छपाईच्या ठशात खोडसाळपणा करून एक चित्र अश्लील करून ठेवलंय. छापलेली पानं काढून नवी घालावी लागली. नाताळचा बाजार हुकला. पुस्तक अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये आलं आणि तरीही जोरात खपलं. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलमध्ये असलं काही सापडलं तर आपली काय अवस्था होते, ते आठवा!

या दौऱ्यात तो एक फार मोलाची गोष्ट शिकला. कागदावर उत्तम वाटणारा मजकूर मोठ्याने वाचला की मेलेला वाटतो. छापील वाक्य डोळ्यांसाठी असतं, कानाला ते पुस्तकी लागतं. म्हणून त्याने पुस्तक हातात धरून वाचणं सोडलं. गोष्टी पाठ केल्या, रोज सांगता सांगता त्यांना बोलीचं वळण येऊ दिलं. कुठे किती थांबायचं याचा त्याने अक्षरशः अभ्यास केला. थांबा क्षणभर लांबला तर हशा गेला, क्षणभर आधी संपला तरी गेला. सेमिनारमध्ये स्लाइडवरचं घडाघडा वाचून दाखवणाऱ्यांनी (आपण सगळेच त्यात आलो) एवढा एक धडा घेतला तरी पुष्कळ आहे.

प्रकाशक म्हणून त्याची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे जनरल ग्रँट यांच्या आठवणी. यादवी युद्ध जिंकणारे हे सेनापती, नंतर राष्ट्राध्यक्षही झालेले, एका पेढीच्या घोटाळ्यात नागवले गेले होते आणि घशाच्या कर्करोगाने आजारी होते. दुसरी एक कंपनी त्यांना नेहमीची रॉयल्टी देत होती. ट्वेनने निव्वळ नफ्यातला ७० टक्के वाटा देऊ केला. ग्रँट वेदना सोसत लिहीत राहिले, पुस्तक पूर्ण केलं आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, वारले. पुस्तकाचे तीन लाखांहून अधिक संच खपले. त्यांच्या पत्नीला पहिला चेकच दोन लाख डॉलरचा गेला. लेखकाला न्याय्य वाटा मिळायला हवा, हे ट्वेनने नुसतं बोलून नाही, करून दाखवलं.

इथेच थांबला असता तर! पण एका यशाने कंपनी चालत नाही. पोपच्या चरित्राकडून मोठ्या आशा होत्या, त्या फोल ठरल्या. अमेरिकन साहित्याचा अकरा खंडांचा मोठा ग्रंथ हप्त्यांवर विकायला काढला. छपाईचा खर्च आज, पैसे येणार थोडे थोडे करून. विक्री जितकी जास्त तितकं भांडवल जास्त अडकलेलं! त्यात हिशेबनीसानेच पैसे खाल्ले. आणि जो काही नफा व्हायचा, तो जात होता दुसरीकडेच.

हे ‘दुसरीकडे’ म्हणजे जेम्स पेज नावाच्या संशोधकाचं खिळे जुळवायचं यंत्र. लहानपणी स्वतः खिळे जुळवलेल्या ट्वेनला ते पाहताच भुरळ पडली. तसा तो स्वतःही संशोधक वृत्तीचा. त्याच्या नावावर तीन पेटंट आहेत, त्यातली आयता गोंद लावलेली चिकटवही तर चांगली खपलीही. १८८० च्या सुमारास त्याने पेजच्या यंत्रात पैसे घालायला सुरुवात केली आणि पुढच्या चौदा वर्षांत तीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम त्यात ओतली.

यंत्रात दोष काय होता? मला वाटतं, दोष डिझाइनच्या मुळाशी होता. पेजचं यंत्र माणसाची नक्कल करत होतं. सुटा खिळा उचल, ओळीत लाव, ओळ दोन्ही कडांना सारखी कर, आणि छपाईनंतर प्रत्येक खिळा परत त्याच्या जागी टाक. यासाठी सुमारे १८,००० सुटे भाग लागले. नीट चाललं की डोळे दिपायचे, पण ते नीट चालायचंच क्वचित. त्याच काळात मर्गेनथालरने लायनोटाइप बनवलं. त्याने प्रश्नच बदलला. खिळे लावायचेच नाहीत. कळा दाबून साचे ओळीत आणायचे आणि वितळलेल्या शिशाच्या मिश्रधातूतून अख्खी ओळ नवी ओतायची. छपाई झाली की ती ओळ पुन्हा वितळवायची. खिळे परत लावायचं काम शिल्लकच नाही! १८८६ मध्ये लायनोटाइप न्यूयॉर्कच्या एका दैनिकात कामाला लागलंसुद्धा. पेज मात्र अजून सुधारणाच करत होता. १८९४ मध्ये शिकागोत खरी चाचणी झाली तेव्हा खिळे मोडू लागले, यंत्र सारखं बंद पडू लागलं. संपलं. आज पेजचं एक यंत्र हार्टफर्डला ट्वेनच्या घरी, आता संग्रहालय झालेल्या, शांतपणे उभं आहे.

त्याच वर्षी, एप्रिल १८९४ मध्ये, प्रकाशन कंपनीचंही दिवाळं निघालं. सुमारे एक लाख डॉलरचं कर्ज डोक्यावर. कायद्याने तो थोडंफार देऊन सुटू शकला असता. पण त्याने आणि पत्नी लिव्हीने ठरवलं, पै न् पै फेडायची. हेन्री रॉजर्स या उद्योगपती मित्राने व्यवहार हाती घेतला आणि पुस्तकांचे हक्क लिव्हीच्या नावावर करून ते वाचवले. मग कमवायचं कशावर? लेखणी थकलेली, छापखाना बुडालेला. उरला आवाज.

जुलै १८९५ मध्ये काळपुळीने हैराण असताना तो जगाच्या दौऱ्यावर निघाला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, श्रीलंका करत जानेवारी १८९६ मध्ये आपल्या मुंबईत उतरला. मुक्काम वॉटसन हॉटेलात. विलायतेहून ओतीव लोखंडाचा सांगाडा आणून उभारलेली ती इमारत काळा घोडा भागात आहे. खोकल्याने काही दिवस खोलीत पडून राहावं लागलं, तरी मुंबईत कार्यक्रम झाले, पुण्यात झाले, बडोद्याला झाले. पुढे काशी, कोलकाता असं करत दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेला. दौरा संपला आणि ऑगस्ट १८९६ मध्ये घरी राहिलेली मुलगी सूझी मेंदूज्वराने गेली. वय अवघं २४. त्या दुःखात त्याने प्रवासाचं पुस्तक लिहून १८९७ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि १८९८ च्या सुरुवातीला शेवटचं देणं फिटलं.

आता ऑडिओबुकवाल्यांसाठी एक खास गोष्ट. १८९१ मध्ये संधिवाताने उजवा हात धरला, तेव्हा ट्वेनने फोनोग्राफ भाड्याने आणून त्यावर कादंबरी सांगायला सुरुवात केली होती. मेणाच्या सुमारे चार डझन नळकांड्या भरल्या आणि कंटाळून नाद सोडला. यंत्र हसत नाही, कंटाळत नाही, दादही देत नाही. समोर माणूस नसेल तर त्याला बोलताच येईना. म्हाताऱ्या वयात आत्मचरित्र सांगितलं तेही जिवंत स्टेनोसमोर. त्या नळकांड्या आज कुठेच नाहीत. २१ एप्रिल १९१० रोजी तो गेला. १९०९ मधली त्याची छोटी फिल्म आहे, पण ती मूक. ज्या आवाजाने लाख डॉलरचं कर्ज फेडलं, त्याचं एकही रेकॉर्डिंग उरलेलं नाही!

या सगळ्यातून मी काय घेतलं? तिन्ही कामं एकट्याने करता येतात, ट्वेनने करून दाखवली. पण तिघांचे स्वभाव वेगळे. लिहायला एकांत लागतो, प्रकाशनाला रोजचा हिशेब लागतो, आवाजाला समोर माणूस लागतो. एकाची कमाई दुसऱ्याच्या हौसेत ओतली, की तिन्ही एकदम बुडतात. म्हणून स्वतःचं काही काढायचं स्वप्न बघणाऱ्यांनी जरूर काढावं, पण हिशेबाची वही वेगळी ठेवावी. आणि १८,००० पार्टचं मशीन डिझाइन करण्याआधी एकदा प्रश्नच बदलता येतो का, तेही बघावं!