जगदीशचंद्र बोस

सर जगदीशचंद्र बोस (३० नोव्हेंबर १८५८ – २३ नोव्हेंबर १९३७) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व वनस्पतिक्रियाविज्ञानाचे अभ्यासक होते. मिलिमीटर तरंगलांबीच्या विद्युत्‌चुंबकीय लहरी निर्माण करून त्यांचे परावर्तन, अपवर्तन व ध्रुवण मोजणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म मैमनसिंग (आता बांगलादेशात) येथे झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी व ब्राह्मसमाजी होते; मुलाचे सुरुवातीचे शिक्षण त्यांनी आग्रहाने बंगाली शाळेत करवले. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ यांच्या प्रयोगप्रधान अध्यापनामुळे जगदीशचंद्रांना भौतिकीची गोडी लागली. लंडनमध्ये सुरू केलेला वैद्यकाचा अभ्यास आजारपणामुळे सोडावा लागला. नंतर त्यांनी केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजमध्ये पदवी घेतली. तेथे लॉर्ड रॅली हे त्यांचे एक शिक्षक होते.

वेतनाचा प्रश्न

१८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अध्यापक झाले. भारतीय प्राध्यापकाला त्या काळी युरोपीय सहकाऱ्याच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे, आणि नेमणूक हंगामी असल्याने बोस यांच्या वाट्याला त्याचेही निम्मेच येत होते. त्यांनी काम चालू ठेवले, पण वेतन घेण्यास तीन वर्षे नकार दिला. याच काळात, १८८७ मध्ये, अबला दास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अखेर सरकारने पूर्ण वेतन मान्य करून मागील थकबाकीही दिली.

लघुलहरींवरील प्रयोग

हर्ट्‌झ यांच्या लहरी लांब असल्याने त्यांच्यासाठी मोठे आरसे व लोलक लागत. बोस यांनी तरंगलांबी सुमारे २.५ सेंटिमीटरपासून ५ मिलिमीटरपर्यंत खाली आणली, त्यामुळे सर्व उपकरणे एका मेजावर मावू लागली. सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. पत्र्याचे काम करणाऱ्या एका स्थानिक कारागिराच्या मदतीने त्यांनी ती घडवली. लहरी नेण्यासाठी धातूची नळी व गोळा करण्यासाठी नरसाळे, म्हणजे आजचे तरंगमार्गक व शिंगाकार अँटेना, त्यांत होते. ध्रुवक म्हणून तर पानापानांत कथिलाचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रकही त्यांनी वापरले.

परावर्तनाच्या मापनात त्यांची द्विलोलक योजना विशेष महत्त्वाची आहे. काचेच्या एका काटकोनी लोलकात शिरलेली लहर कर्णावरून पूर्णपणे परावर्तित होते. मात्र दुसरा लोलक अगदी जवळ आणल्यास मधली हवेची फट ओलांडून लहरीचा काही भाग पुढे जातो आणि परावर्तित भाग तेवढा घटतो. फट किती रुंद केली असता पलीकडे जाणारी लहर नाहीशी होते, हे बोस यांनी १८९७ मध्ये मोजले. तरंगलांबी जितकी अधिक, तितकी फटही अधिक लागते, असे त्यांना आढळले.

एका लहरीचे ठरावीक प्रमाणात दोन भाग करण्याची ही रीत आजच्या डायरेक्शनल कपलरच्या कार्याशी जवळची आहे. कपलर पुढे जाणाऱ्या व परत येणाऱ्या लहरींचे अंश वेगवेगळे काढून देतो. त्यांच्या तीव्रतेची व कलेची तुलना केली की जोडलेल्या भारापासून किती परावर्तन होते ते कळते. बोस यांच्या शोधकास कला ओळखता येत नव्हती. त्यामुळे त्यांचे मापन तीव्रतेपुरतेच राहिले, हे नमूद करणे आवश्यक आहे.

जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ही उपकरणे प्रत्यक्ष चालवून दाखवली.

एकस्वाविषयी भूमिका

संशोधनातून धन मिळवणे त्यांना मान्य नव्हते. स्नेह्यांच्या आग्रहावरून गॅलेना स्फटिकाच्या शोधकासाठी अमेरिकेत अर्ज झाला व १९०४ मध्ये एकस्व मिळाले. परंतु त्याचा आर्थिक लाभ त्यांनी घेतला नाही.

उत्तरायुष्य

१९०० च्या सुमारास त्यांचे लक्ष सजीवांच्या प्रतिसादाकडे वळले. वनस्पतींची सूक्ष्म वाढ दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनवले, पण त्यांच्या काही निष्कर्षांना तत्कालीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी विरोध केला. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बोस संशोधन संस्था स्थापन केली. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला व १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांचे चरित्र १९२० मध्येच पॅट्रिक गेडिस यांनी प्रसिद्ध केले. गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. बोस यांचे निधन गिरिडीह येथे झाले.