नेताजींचा पाणबुडी प्रवास: तीन महिने, झिरो नेटवर्क

मागच्या आठवड्यात मी अकोल्याहून अमरावतीला येत होतो. मूर्तिजापूर मागे पडलं आणि फोन ४ टक्क्यांवर आला. पॉवर बँक घरीच राहिली होती. बडनेरा येईपर्यंत जीव नुसता टांगणीला! तेव्हा मला नेताजी सुभाषचंद्र बोस आठवले. १९४३ मध्ये ते ज्या जर्मन पाणबुडीत बसून निघाले, तीही पाण्याखाली बॅटरीवरच चालायची. तिथे बॅटरी संपली तर थेट शत्रूच्या नजरेसमोर वर यावं लागायचं. आज त्याच यू-१८० ची गोष्ट.

नेताजी जर्मनीत कसे पोहोचले?

नेताजींचा जन्म २३ जानेवारी १८९७ चा, कटकचा. आयसीएस परीक्षेत ते चौथे आले, पण १९२१ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९३९ मध्ये मतभेदांमुळे राजीनामा दिला आणि फॉरवर्ड ब्लॉक काढला. जून १९४० मध्ये त्याची परिषद आपल्या नागपुरात भरली. पुढच्याच महिन्यात त्यांना अटक झाली. जानेवारी १९४१ मध्ये कोलकात्याच्या घरातून, पहारा चुकवून, वेषांतर करून ते निसटले आणि काबूल, मॉस्को करत बर्लिनला पोहोचले.

बर्लिन अमरावतीकरांना तसं अनोळखी नाही. आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ च्या ऑलिम्पिकवेळी तिथे देशी खेळ दाखवून आले होते. नेताजी मात्र मदत मागायला गेले होते, आणि तीही हिटलरच्या राजवटीकडे. या निर्णयावर आजही वाद होतात. त्यांनी तिथून आझाद हिंद रेडिओ सुरू केला, पण भारताच्या सीमेपर्यंत सैन्य न्यायचं तर आशियात जाणं भाग होतं. समुद्रावर आणि आकाशात शत्रूचा पहारा. उरली पाणबुडी.

फेब्रुवारी १९४३ मध्ये ते जर्मनीतल्या कील बंदरातून निघाले. मागे पत्नी एमिली आणि जेमतेम अडीच महिन्यांची मुलगी अनिता. त्या दोघींची आणि त्यांची पुन्हा कधीच भेट झाली नाही.

पाणबुडीचं बॅटरीचं गणित

यू-१८० सुमारे ८७ मीटर लांब होती. तिच्यात दोन व्यवस्था होत्या. पाण्यावर असताना डिझेल इंजिन, पाण्याखाली बॅटरीवरची इलेक्ट्रिक मोटर. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून ते पाण्याखाली चालवता येत नव्हतं. बॅटरी संपत आली की वर यायचं आणि इंजिन चालवून चार्ज करायची. म्हणजे इंजिन हाच चार्जर!

पाण्याखाली एका चार्जिंगमध्ये ती हळूहळू गेली तर साधारण दोनशे किलोमीटर जायची. म्हणजे अकोला ते अमरावती जाऊन परत, तेही सायकलपेक्षा कमी वेगाने. त्यामुळे बराचसा प्रवास पाण्यावरूनच व्हायचा. त्यात हिची खास वेगवान इंजिनं भरपूर धूर सोडायची, म्हणजे लांबूनच पत्ता लागायचा. मेसेज पाठवणंही धोक्याचं, कारण सिग्नल कुठून आला हे शत्रू शोधू शकत होता. म्हणून शक्यतो गप्पच राहायचं.

रबरी होडीतून अदलाबदल

सोबत होते फक्त आबिद हसन. डिझेलचा वास, कोंदट हवा, उभं राहायलाही पुरती जागा नाही. त्यातही नेताजी पुढच्या भाषणांचे मुद्दे आबिद यांना सांगत आणि ते लिहून घेत. वाटेत १८ एप्रिलला यू-१८० ने कॉर्बिस हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं. त्यात कित्येक खलाशी मेले. नेताजी त्या वेळी त्याच पाणबुडीत होते, हेही विसरून चालणार नाही.

आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करजवळ जपानी पाणबुडी आय-२९ भेटली. समुद्र इतका खवळलेला की थांबावंच लागलं. शेवटी २८ एप्रिलला दोघे रबरी होडीत बसून, चिंब भिजत, दुसऱ्या पाणबुडीवर चढले. ६ मे रोजी ते सुमात्राजवळच्या साबांगला उतरले. २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापुरात आझाद हिंद सरकार स्थापन झालं.

पुढे काय झालं?

२६ जुलै १९४४ ला अमेरिकन पाणबुडीने आय-२९ बुडवली. जपानचे गुप्त मेसेज अमेरिकनांनी आधीच फोडले होते. महिन्याभरात यू-१८० सुद्धा फ्रान्सजवळच्या बिस्केच्या उपसागरात बुडाली आणि तिच्यावरचे ५६ जण गेले. त्यानंतर वर्षभराने, १८ ऑगस्ट १९४५ ला, तैपेईतल्या विमान अपघातात नेताजी गेले.

विचार केला तर अंगावर काटा येतो. धूर सोडणारी इंजिनं, दोनशे किलोमीटरची बॅटरी, फुटलेले कोड. अशा यंत्रांच्या भरवशावर एक माणूस तान्ही लेक मागे ठेवून निघाला होता. माझा फोन बडनेऱ्याला बंद पडला तर मी केवढा वैतागलो होतो!

जाता जाता एक गोष्ट. आपण रोज ऐकतो त्या घोषणेचं श्रेय त्याच आबिद हसन यांना दिलं जातं. माहिती आवडली तर मित्रांना नक्की पाठवा. जय हिंद!