जेपींची किडनी : सोनोग्राफीला आजार कधी दिसतो?

आजरा : सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे किडनी ठणठणीत, असा अनेकांचा समज असतो. मधुमेह किंवा बीपीच्या रुग्णांना हा समज महागात पडू शकतो. लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या अखेरच्या वर्षांकडे पाहिले तर किडनीचा आजार किती गुपचूप वाढतो ते कळते.

११ ऑक्टोबर १९०२ रोजी बिहारमधील सिताबदियारा येथे जन्मलेले जेपी १९२२ मध्ये शिकायला अमेरिकेत गेले आणि १९२९ मध्ये परतले. महाराष्ट्राशी त्यांचे नाते तुरुंगातून जुळले. १९३२ मध्ये अटक झाल्यावर त्यांना नाशिकच्या कारागृहात ठेवले होते. अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, ना. ग. गोरे यांच्यासोबत तिथे झालेल्या चर्चांतूनच पुढे १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९४२ च्या दिवाळीत हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून ते पसार झाले. १९५२ मध्ये त्यांनी पुण्यात २१ दिवसांचा उपवासही केला. शरीराची पर्वा न करणारा हा माणूस मधुमेही होता.

१९७४ मध्ये पाटण्यात त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली, तेव्हा वय ७१ होते. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला पाटण्यात लाठीमार झाला. जेपींवरचा वार नानाजी देशमुखांनी स्वतःच्या हातावर झेलला. आणीबाणी लागताच २६ जून १९७५ च्या पहाटे जेपींना दिल्लीत अटक झाली आणि त्यांना चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात स्थानबद्ध करण्यात आले. तिथे त्यांची प्रकृती ढासळत गेली. १२ नोव्हेंबरला सुटका झाली आणि त्याच महिन्यात त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले. दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे तिथे स्पष्ट झाले. डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झाले, ते अखेरपर्यंत चालू राहिले. चंडीगडमधील उपचारांवरून पुढे बरेच आरोप-प्रत्यारोप झाले.

तेव्हा किडनीचे चित्र कसे मिळायचे?

आजची गावोगावची सोनोग्राफी त्या काळी नव्हती. किडनीचे चित्र हवे तर शिरेतून औषध सोडून एक्स-रे काढत. त्यात एक अडचण होती. किडनी कमजोर असेल तर औषध लघवीत नीट उतरत नाही आणि चित्र अंधुक येते. शिवाय तेच औषध दुबळ्या किडनीला त्रास देऊ शकते. म्हणजे ज्याला तपासणीची सर्वाधिक गरज, त्याचेच चित्र सर्वांत वाईट.

सोनोग्राफीने ही अडचण दूर केली. औषध नाही, किरणोत्सर्ग नाही. मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब असते. खडा, गाठ, लघवी तुंबून आलेली सूज सोनोग्राफीत चांगली दिसते आणि वेळेत अडथळा काढला तर किडनी वाचते. जुना आजार असेल तर किडनी आकसलेली, पडद्यावर नेहमीपेक्षा पांढरट दिसते. पण इतके दिसेपर्यंत बरेचसे नुकसान झालेले असते. मधुमेहात तर गोष्ट आणखी फसवी. सुरुवातीला किडनी नेहमीच्या आकाराची, कधी थोडी मोठीही दिसते आणि रिपोर्टवर नॉर्मल असे लिहून येते.

आत मात्र गाळणीची छिद्रे सैल होऊन लघवीवाटे प्रथिन झिरपू लागलेले असते. ते पकडते लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी. जोडीला रक्तातील क्रिएटिनिन हवेच, पण तेही किडनीचे निम्मे काम जाईपर्यंत फारसे वाढत नाही. किडनीतील ऑक्सिजन एमआरआयने मोजणे, सोनोग्राफीच्या लहरींनी तिचा कडकपणा तपासणे यावर संशोधन सुरू आहे, मात्र रोजच्या तपासणीत ते अजून रुळलेले नाही. दोन्ही किडन्या वेगवेगळ्या किती काम करतात हे पाहायला डीटीपीए स्कॅन आहे. तो साधारणपणे मोठ्या शहरांतच होतो.

यंत्रासाठी लोकवर्गणी

डायलिसिसच्या यंत्रासाठी देशभरातून सामान्य माणसांनी पैसे पाठवले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी पाठवलेली मदत जेपींनी परत केली. मे १९७७ मध्ये उपचारासाठी ते अमेरिकेतील सिएटलला जाऊन आले. वर्षानुवर्षे डायलिसिस शक्य करणारी नळी १९६० मध्ये त्याच शहरात तयार झाली होती. मार्च १९७९ मध्ये तर ते जसलोकमध्ये जिवंत असताना लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा झाली! ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांची प्राणज्योत मालवली.

जेपींवर उपचार करणारे डॉ. मणी नंतर चेन्नईत गेले. तिथल्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी जो कार्यक्रम उभारला, त्यात महागडे यंत्र एकही नव्हते. गावातल्याच शिकलेल्या मुली घरोघर जाऊन रक्तदाब मोजत, लघवीतील प्रथिन आणि साखर तपासत. ज्यांच्यात दोष आढळे त्यांना स्वस्त गोळ्या सुरू होत.

आजऱ्यासारख्या, कोल्हापूरपासून ऐंशीएक किलोमीटरवरच्या तालुक्याला हाच क्रम सोयीचा आहे. मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. त्यात दोष निघाला, पाठीत-कुशीत कळा येत असतील, लघवीतून रक्त जात असेल किंवा घरात कोणाला किडनीचा आजार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सोनोग्राफी करावी. जुने रिपोर्ट फेकू नयेत. किडनीचा आकार मागच्या वेळेपेक्षा घटला का, हे त्यांच्यावरूनच कळते.