एका वकिलाने ब्रिटनला निर्बंध मागे घ्यायला लावले, पण युद्ध पाच दिवस आधीच पुकारलं गेलं होतं

एका देशाने दुसऱ्याचा व्यापार अडवला की बातम्यांमध्ये नेते दिसतात, जहाजं दिसतात, नकाशे दिसतात. पण माल गोदामात पडून राहिला म्हणून ज्याची चूल विझते, तो कामगार सहसा दिसत नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका वकिलाने अशाच लोकांची व्यथा थेट ब्रिटिश संसदेत आणून मांडली आणि सरकारला आपले निर्बंध मागे घ्यायला लावले.

त्या वकिलाचं नाव हेन्री ब्रूम.

ब्रूमचा जन्म १७७८ चा, एडिनबरोचा. शिक्षण तिथल्याच विद्यापीठात. १८०० साली तो स्कॉटलंडमध्ये वकील झाला आणि १८०२ साली मित्रांसोबत ‘एडिनबरो रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केलं. बुद्धी तल्लख, जीभ त्याहून धारदार. पण एडिनबरोत राहून मोठं होता येणार नाही हे ओळखून गडी लंडनला आला.

तेव्हा युरोपात नेपोलियनचा धुमाकूळ चालू होता. समुद्रावर ब्रिटनला हरवणं शक्य नाही म्हटल्यावर नेपोलियनने १८०६ मध्ये बर्लिनहून फर्मान काढलं, ब्रिटनशी कुणीही व्यापार करायचा नाही. त्याला उत्तर म्हणून ब्रिटनने नोव्हेंबर १८०७ मध्ये ‘ऑर्डर्स इन कौन्सिल’ नावाचे आदेश काढले. शत्रूच्या बंदरात माल न्यायचा असेल तर तटस्थ देशाच्या जहाजाने आधी ब्रिटिश बंदरात यायचं, कर भरायचा, परवाना घ्यायचा. नाहीतर जहाज जप्त.

त्यावर नेपोलियनचं पुढचं फर्मान आलं. ज्या जहाजाने ब्रिटनचं ऐकलं, ते फ्रान्स जप्त करणार!

यात सगळ्यात जास्त कुणाचं मरण झालं असेल तर अमेरिकेचं. तिची व्यापारी जहाजं सगळीकडे फिरायची, आणि आता इकडे आड तिकडे विहीर. अमेरिकेने आधी स्वतःच्याच जहाजांना परदेशी जायला बंदी घातली. ते अंगाशी आलं. पुढे १८११ मध्ये तिने ब्रिटिश मालाची आयात बंद केली.

फटका बसला तो ब्रिटनच्याच कारखान्यांना. मँचेस्टरचं कापड, शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्या, बर्मिंगहॅमचं लोखंडी सामान, या सगळ्याचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच होती.

लंडन, लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी १८०८ मध्येच या आदेशांविरुद्ध संसदेकडे अर्ज केले होते. त्यांचा वकील होता तिशीही न गाठलेला ब्रूम. त्याने साक्षीदार आणले, जोरदार बाजू मांडली आणि हरला. युद्ध चालू असताना सरकारच्या धोरणाला नावं ठेवणं म्हणजे शत्रूला मदत, असं वातावरण होतं.

गंमत म्हणजे या आदेशांमागचं डोकंही एका वकिलाचंच होतं. जेम्स स्टीफन त्याचं नाव. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या लढ्यात हे दोघे एका बाजूला, निर्बंधांवर मात्र आमनेसामने.

१८१० मध्ये ब्रूम खासदार झाला. मार्च १८१२ मध्ये त्याने या आदेशांची चौकशी करा असा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला. मग त्याने डाव बदलला. सभागृहात मतं मिळत नसतील तर गावागावातून दबाव आणायचा. बर्मिंगहॅममध्ये थॉमस अॅटवूड या बँकरने आघाडी उघडली. औद्योगिक शहरांमधून अर्जांचा पाऊस पडला. त्याच काळात बेकार आणि उपाशी कामगार यंत्रं फोडत होते, भाकरी महागली होती. एप्रिलच्या शेवटी सरकार नमलं आणि चौकशी सुरू झाली.

ब्रूमची युक्ती साधी होती. अमेरिकेवर दया करा, असं तो म्हणत बसला नाही. त्याने आपल्याच देशाचा हिशेब मांडला. कारखानदार येऊन सांगू लागले की किती कामगार कमी केले, आठवड्यातले किती दिवस काम उरलं, किती माल पडून आहे. शिवाय सरकार आपल्याच व्यापाऱ्यांना शत्रूशी व्यापाराचे परवाने देत होतं आणि तोच व्यापार अमेरिकेला करू देत नव्हतं, हे ढोंगही त्याने चव्हाट्यावर आणलं.

११ मे १८१२ च्या संध्याकाळी ही साक्ष चालू होती. पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल हजर नाहीत, अशी तक्रार ब्रूमने केली. निरोप गेला, पंतप्रधान निघाले, आणि सभागृहाच्या लॉबीत त्यांना गोळी घालण्यात आली. मारेकऱ्याचा राग वेगळ्याच कारणावरून होता, निर्बंधांशी त्याचा संबंध नव्हता. पण निर्बंधांचा सगळ्यात खंदा पाठीराखा गेला.

ब्रूमने चौकशी थांबू दिली नाही. १६ जूनला त्याने आदेश रद्द करण्याची मागणी मांडली आणि त्याच चर्चेत सरकारने माघार जाहीर केली. २३ जूनला आदेश अधिकृतपणे मागे घेतले गेले.

पण तिकडे १८ जूनलाच अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं होतं!

अटलांटिक ओलांडायला जहाजाला कित्येक आठवडे लागायचे. निर्बंध उठल्याची खबर अमेरिकेत पोहोचेपर्यंत सैन्य निघालेलं होतं. अमेरिकन जहाजांवरून खलाशी जबरदस्तीने उचलून ब्रिटिश नौदलात भरती करण्याचा वादही मिटलेला नव्हता. १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टनमध्ये घुसून राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान जाळलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तह झाला, पण तीही बातमी पोहोचायला उशीर झाला आणि न्यू ऑर्लिन्सची लढाई तहानंतर लढली गेली.

आणि ब्रूमला काय मिळालं? ज्या लिव्हरपूलसाठी तो भांडला, तिथूनच १८१२ ची निवडणूक लढवली आणि पडला. पुढची काही वर्षं तो संसदेबाहेर होता.

पण तो संपला नाही. १८२० मध्ये राणी कॅरोलाइनचा वकील म्हणून देशभर गाजला, १८३० मध्ये लॉर्ड चॅन्सेलर झाला. गुलामगिरी रद्द करणारा १८३३ चा कायदा झाला तेव्हा तो याच पदावर होता. त्याच वर्षी त्याने प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती उभी केली. मुंबई हायकोर्टाचा निकाल पटला नाही तर शेवटचं अपील लंडनला जायचं, ते याच समितीपुढे. हे १९४९ पर्यंत चालू होतं.

७ मे १८६८ रोजी फ्रान्समधल्या कान शहरात ब्रूम वारला. ज्या फ्रान्सशी त्याचा देश त्याच्या तरुणपणी झुंजत होता, तिथेच त्याने म्हातारपणी घर केलं होतं.